शेवटच्या बाटलीतलं मीठ

प्रेसिओडिमियमचं क्लोराइड पोपटी असतं, निओडिमियमचं फिकट जांभळं, अर्बियमचं गुलाबी. होल्मियमचं तर दिव्याचा प्रकार बदलला की रंगच बदलतं. ‘रेअर अर्थ’ किंवा दुर्मिळ मृदा धातू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूलद्रव्यांची क्लोराइडं अणुअंकाप्रमाणे ओळीनं मांडली, की नजर या रंगीत बाटल्यांवरच खिळते. ओळीच्या पार टोकाला, अणुअंक ७१ पाशी, लुटेशियम क्लोराइड उभं असतं. पांढरी भुकटी. पाण्यात विरघळवली तर दिसायला नुसतं पाणी.

विद्यार्थ्यांना काही प्रेक्षणीय दाखवायचं असेल, तर कुठलाही प्राध्यापक ही बाटली हमखास वगळेल. तिला रंग नाही, चुंबकाला ती दाद देत नाही. सिरियम तीनाच्या संयुजेवरून चारावर उडी मारतं, युरोपियम तीनावरून दोनावर उतरतं. लुटेशियम तीनाला चिकटून बसतं आणि हलत नाही. तरीही या सगळ्या ओळीत थक्क करणारी बाटली कुठली असं मला विचारलं, तर मी हीच उचलेन. कर्करोगाच्या काही प्रकारांवर आज जगभर जे किरणोत्सारी औषध शिरेवाटे दिलं जातं, त्याचा कच्चा माल म्हणजे या मिठाचे काही थेंब. मुंबईत ते ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतात आणि परळच्या रुग्णालयांत वापरले जातात. या कामगिरीचं निम्मं श्रेय तर त्याच्या नीरसपणालाच द्यावं लागतं.

आधी हा नीरसपणा येतो कुठून ते पाहू. लँथेनमपासून लुटेशियमपर्यंतच्या धातूंमध्ये एक आतलं उपकवच हळूहळू भरत जातं. त्यात १४ इलेक्ट्रॉन मावतात. ते अर्धवट भरलेलं असतं तेव्हा इलेक्ट्रॉनांना इकडून तिकडे उड्या मारायला जागा असते. उडी मारताना ते प्रकाशातला ठरावीक रंग गिळतात आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. जोडीदार न मिळालेल्या इलेक्ट्रॉनांमुळे चुंबकत्व येतं. लुटेशियमच्या आयनात चौदाच्या चौदा जागा भरलेल्या आणि सगळ्या जोड्या जुळलेल्या असतात. त्यामुळे रंग आणि चुंबकत्व दोन्ही गेले, आणि हे उपकवच मोडून चौथा इलेक्ट्रॉन देण्याची शक्यताही गेली. मागे उरतो तीन धनप्रभारांचा एक लहानसा, घट्ट आयन.

क्लोराइडमध्ये लुटेशियमच्या एका अणूमागे क्लोरीनचे तीन असतात. हे मीठ ९२५ अंश सेल्सिअसला वितळतं. उघडं ठेवलं की हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्याला पाणी सुटतं. द्रावणातून स्फटिक काढले, तर प्रत्येक लुटेशियममागे पाण्याचे सहा रेणू ठाण मांडून बसलेले असतात. तापवून ते घालवू म्हटलं, तर घोळ होतो. तापलेलं पाणी जाता जाता क्लोरीनवरच हात मारतं. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघून जाते आणि भांड्यात उरतं ते ऑक्सिक्लोराइड, म्हणजे ऑक्सिजन घुसलेलं भलतंच संयुग. क्लोराइड वाळवायला जावं आणि क्लोराइडच हातचं जावं, असा प्रकार.

यावर रसायनतज्ज्ञांनी जो उपाय काढला, त्यातली सामग्री महाराष्ट्रातल्या जुन्या गृहिणींच्या ओळखीची आहे: नवसागर. दारावर येणारा कल्हईवाला भात्यानं कोळसे फुलवून पितळेचं पातेलं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, नाकात जाणारा पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की आतली बाजू चांदीसारखी उजळायची. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत फुटतो. त्यातला दुसरा वायू पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो, म्हणून कथील धरतं. प्रयोगशाळेत लुटेशियमचा पांढरा ऑक्साइड भरपूर नवसागरात मिसळून दोनशे अंशांच्या वर तापवतात, तेव्हाही हेच घडतं. ऑक्साइडचा ऑक्सिजन पाणी होऊन उडून जातो, त्याची जागा क्लोरीन घेतं, आणि सभोवार हायड्रोजन क्लोराइड भरून राहिल्यामुळे त्या पाण्याला उलटा डाव खेळता येत नाही. शेवटी निर्वात जागेत आणखी तापवलं की जास्तीचा नवसागरही उडून जातो आणि कोरडं ठणठणीत क्लोराइड मागे राहतं. रेअर अर्थच्या जवळजवळ सगळ्या कोरड्या क्लोराइडांसाठी हा मार्ग चालतो. कल्हईचा धूर आणि ही भट्टी यांचं रसायन अगदी एकच आहे, हे मला फार आवडतं.

लुटेशियमची दुसरी खासियत म्हणजे आकार. या कुटुंबात अणुअंक वाढत जातो तसा आयन मात्र आकसत जातो. केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, पण आतल्या उपकवचात भरणारे इलेक्ट्रॉन त्याची ओढ नीट झाकू शकत नाहीत, म्हणून बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले जातात. लँथेनमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर, लुटेशियमची ८६. (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.) फरक किरकोळ वाटतो, पण स्फटिकात तो ठळक दिसतो. लँथेनम क्लोराइडमध्ये प्रत्येक धातू-आयनाभोवती नऊ क्लोराइड दाटीनं बसतात, लुटेशियम क्लोराइडमध्ये सहाच. बाकीच्यांना जागाच नाही.

दोन टोकांमध्ये हा फरक १७ पिकोमीटर, पण तो चौदा पायऱ्यांत वाटला गेलेला. इटर्बियम आणि लुटेशियम या शेवटच्या दोन शेजाऱ्यांत तर तो एका पिकोमीटरपेक्षाही कमी. संयुजा तीच आणि आकार जवळजवळ तोच, मग ते एकमेकांपासून वेगळे कसे करायचे? आणि मुळात ते दोन आहेत हे कळायचं तरी कसं? जिनिव्हाचे मारिन्याक यांनी १८७८मध्ये इटर्बियम शोधलं, तेव्हा त्यात आणखी कुणी लपून बसलंय याचा कुणाला पत्ता नव्हता. १९०७मध्ये तिघांनी जवळपास एकाच वेळी त्याला बाहेर काढलं: पॅरिसचे जॉर्ज उर्बां, ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख आणि अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचे चार्ल्स जेम्स. आउअर म्हणजे गॅसबत्तीचं मेंटल शोधणारे गृहस्थ. आपल्याकडच्या वरातींनी ज्याच्या उजेडात गावं पालथी घातली, ते मेंटल. जेम्स यांची चिकाटी दंतकथेत शोभावी अशी. थुलियम शुद्ध करायला त्यांनी मीठ विरघळवणं आणि पुन्हा स्फटिक करणं हा उद्योग १५ हजार वेळा केला. लुटेशियमवरचं आपलं काम मात्र उर्बां यांचा निबंध आधी आलेला पाहून त्यांनी पुढे रेटलं नाही.

भांडण जुंपलं ते उरलेल्या दोघांत. उर्बां यांनी पॅरिसच्या जुन्या रोमन नावावरून लुटेशियम हे नाव दिलं. आउअर यांनी आकाशाकडे पाहून कॅसिओपियम. म्हणजे आपल्याकडच्या शर्मिष्ठा तारकासमूहावरून. अणुभारांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं १९०९मध्ये उर्बां यांच्या बाजूनं कौल दिला. त्या चार जणांच्या समितीत उर्बां स्वतः होते! आउअर यांचा नमुना अधिक शुद्ध होता, असं पुढच्या अभ्यासकांचं मत आहे. जर्मन प्रयोगशाळांत पुढची कित्येक दशकं कॅसिओपियमच चाललं, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही.

इथवर झाली ती इलेक्ट्रॉनांची कथा. केंद्रकात शिरलं की हे बापुडं मीठ एकदम वेगळं दिसायला लागतं.

निसर्गात लुटेशियमचे दोन समस्थानिक सापडतात. ९७ टक्क्यांहून अधिक असतं लुटेशियम-१७५, पूर्ण स्थिर. उरलेलं सुमारे २.६ टक्के लुटेशियम-१७६, आणि ते किरणोत्सारी आहे, पण अति सावकाश. त्याचं अर्धायुष्य आहे सुमारे ३,७०० कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं मानलं जातं. म्हणजे विश्वाच्या आरंभी लुटेशियम-१७६ असतं, तर त्यातलं निम्मंदेखील अजून संपलं नसतं. भूशास्त्रज्ञ या मंद घड्याळाचा उपयोग उल्का आणि प्राचीन खडकांतली गार्नेटं यांचं वय काढायला करतात.

या लुटेशियम-१७६च्या केंद्रकात एक न्यूट्रॉन घातला की होतं लुटेशियम-१७७, आणि त्याचं अर्धायुष्य आहे ६.६५ दिवस.

३,७०० कोटी वर्षांवरून एका आठवड्यावर! अणुअंक तोच, रसायन तेच, क्लोराइडही तितकंच पांढरं. बदललाय फक्त एक न्यूट्रॉन. एक ग्रॅम नैसर्गिक लुटेशियम घेतलं तर त्यात सेकंदाला पन्नासेक अणू फुटतात. लुटेशियम-१७७च्या औषधाचा नेहमीचा डोस ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे सेकंदाला ७४० कोटी अणू फुटणारा. हे साधायला शुद्ध लुटेशियम-१७७ लागतं किती? १.८ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोनसुद्धा नाहीत. हा हिशेब मी कागदावर करून पाहिला आणि दशांश चिन्ह चुकलं असेल म्हणून पुन्हा केला, उत्तर तेच.

न्यूट्रॉन घालायचं काम अणुभट्टीत होतं, आणि इथे लुटेशियमचा एक नशिबाचा भाग आहे. संथ न्यूट्रॉन पकडण्याची केंद्रकाची क्षमता ‘बार्न’ या एककात मोजतात. सोन्याची सुमारे ९९ बार्न आहे आणि सोनं यात चांगलंच पटाईत समजलं जातं. लुटेशियम-१७६ची सुमारे २,०९० बार्न. म्हणून कमालीच्या तीव्र न्यूट्रॉन-झोताची भट्टी नसली तरी भागतं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ अणुभट्टी १९८५पासून आहे, तिच्यात हे काम होतं.

तिथली पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. लुटेशियम-१७६चं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर वाढवलेला ऑक्साइड घ्यायचा. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, म्हणजे झालं क्लोराइड. त्याचा मोजून घेतलेला अंश क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत सुकवायचा. कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं, कुपी ॲल्युमिनियमच्या डबीत ठेवायची आणि डबी भट्टीत सोडायची. दोन-तीन आठवड्यांनी ती बाहेर निघते तेव्हा तिच्याजवळ उभं राहण्याची सोय नसते. शिशाच्या भिंतीआड, लांब दांड्याच्या चिमट्यांनी कुपी फोडायची, आतला डाग पुन्हा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उतरवायचा, की लुटेशियम-१७७चं क्लोराइड तयार. आत क्लोराइड गेलं, बाहेर क्लोराइड आलं. मध्ये काही अणूंचं नशीब फिरलं. वाशीच्या ‘ब्रिट’ या संस्थेमार्फत ते देशभरातल्या रुग्णालयांना पोचवलं जातं. शिशाच्या जाड डब्यात काचेची कुपी, कुपीच्या तळाशी रंगहीन द्रव, तोही मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. अर्धायुष्य जेमतेम आठवड्याचं असलं तरी गुवाहाटी किंवा चेन्नईपर्यंत न्यायला ते पुरतं. काही तासांत विझणाऱ्या समस्थानिकांना ही चैन परवडत नाही.

पण क्लोराइडच का? सौम्य आम्लात क्लोराइड-आयन लुटेशियमला फारसं धरून ठेवत नाहीत. लुटेशियमच्या आयनाभोवती पाण्याचे आठ रेणू सैल कडं करून असतात आणि तो पुढच्या भेटीसाठी मोकळा असतो. आम्ल मात्र हवंच. ते कमी झालं, द्रावण उदासीन होऊ लागलं, की पाण्याचे रेणू आपला हायड्रोजन सोडतात आणि लुटेशियमचं हायड्रॉक्साइड जमायला लागतं. मग तो पुढे कुणाच्याच कामाचा राहत नाही.

आणि हे क्लोराइड तसंच शिरेत टोचलं तर? तीन धनप्रभारांचा हा आयन शरीराला काहीसा कॅल्शियमसारखा भासतो, त्यामुळे तो हाडांत जाऊन बसेल आणि तिथल्या मज्जेला आठवडाभर भाजत राहील. म्हणून शरीरात सोडण्याआधी त्याला अशा पिंजऱ्यात कोंडावं लागतं, की तिथून तो सुटणारच नाही. या पिंजऱ्याचं नाव ‘डोटा’. बारा अणूंचं एक कडं, त्यात चार नायट्रोजन, आणि प्रत्येक नायट्रोजनला एकेक आम्लधर्मी बाहू. चार नायट्रोजन आणि बाहूंचे चार ऑक्सिजन मिळून आठ बाजूंनी लुटेशियमला पकडतात. लुटेशियमचा लहान आकार आणि ठाम तीनाचा प्रभार इथे उपयोगी पडतो. संयुजा बदलणारा धातू असता तर शरीरातल्या रासायनिक गदारोळात त्यानं रूप पालटलं असतं आणि पकड ढिली झाली असती. नीरसपणाचं श्रेय म्हणालो ते हे.

पिंजऱ्यात शिरायला मात्र लुटेशियम आढेवेढे घेतं. द्रावणाची आम्लता ४.५ ते ५ पीएचच्या दरम्यान बांधून ठेवावी लागते आणि ते ९० अंशांच्या आसपास अर्धा तास तापवावं लागतं. सगळ्यात मोठी डोकेदुखी भेसळीची. औषधात लुटेशियम असतं मायक्रोग्रॅमांत. ‘ध्रुव’मधल्या मार्गानं बनवलेल्यात न फुटणारं लुटेशियमही मिसळलेलं असतं, म्हणून तिथे एका डोसमागे आठ-दहा मायक्रोग्रॅम भरतं, तरी ते मायक्रोग्रॅमच. एवढ्या अल्प जगात लोखंड, जस्त किंवा तांब्याचा नावापुरता अंश आला, तरी तो आधी पिंजरे बळकावतो आणि लुटेशियम बाहेर ताटकळतं. धातूचा चमचा बुडवायची सोय नाही. आम्ल अतिशुद्ध लागतं, पाणी अतिशुद्ध लागतं. शिवाय ७४० कोटी स्फोटांचा मारा त्या औषधावरच चालू असतो. पाण्याचे रेणू फुटून तयार होणारे उपद्रवी कण औषधाचे तुकडे पाडू शकतात. त्यांना आवरायला जे घालतात त्यांपैकी एक म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, आपलं क जीवनसत्त्व.

सगळं लुटेशियम खरंच कोंडलं गेलं का, याची परीक्षा डोस देण्याआधी होते आणि ती शाळेच्या प्रयोगाइतकी साधी आहे. कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, खालच्या टोकाशी औषधाचा सूक्ष्म थेंब टेकवायचा आणि पट्टी ॲसिटोनायट्राइल व पाण्याच्या मिश्रणात उभी करायची. द्रव कागदात वर चढत जातो. पिंजऱ्यातलं लुटेशियम त्याच्याबरोबर चढतं, मोकळं क्लोराइड जागेवरच बसून राहतं. पट्टी कापून तुकडे मोजयंत्रात घातले, की किती सुटलं आणि किती कोंडलं याचा आकडा मिळतो. ९५ टक्क्यांच्या वर नसेल तर डोस बाद.

पिंजऱ्याला वाट दाखवणारा वाटाड्या जोडलेला असतो. काही अंतःस्रावी पेशींच्या गाठी, ज्यांना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात, आपल्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही फार मोठ्या संख्येनं बाळगतात. खरं सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटं टिकतं. म्हणून त्याची नक्कल करणारं, आठ अमिनो आम्लांचं टिकाऊ पेप्टाइड बनवलं गेलं. पिंजरा आणि पेप्टाइड मिळून झालं ‘डोटाटेट’. ते गाठीच्या पेशींना चिकटतं, पेशी त्याला आत ओढून घेतात, आणि आत बसून लुटेशियम बीटा कण सोडत राहतं. हे कण शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. गाठ भाजते, पलीकडचं बरंचसं वाचतं. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येतात आणि कॅमेऱ्यात पकडता येतात, म्हणजे औषध नेमकं कुठे पोचलं याचं चित्र औषधच काढून देतं.

रॉटरडॅममधल्या क्वेकेबूम, क्रेनिंग आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास हे डोटाटेट रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ‘नेटर-१’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. वीस महिन्यांनंतर आजार न बळावलेल्या रुग्णांचं प्रमाण या उपचारात ६५.२ टक्के होतं, तुलनेसाठी नेमलेल्या गटात १०.८ टक्के. एकूण आयुष्यातही वर्षभराची आघाडी दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती पक्की ठरली नाही. हे सांगायलाच हवं, कारण अशा उपचारांबद्दल जादूच्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. वाटाड्या बदलून हेच लुटेशियम आता प्रोस्टेटच्या कर्करोगातही वापरतात. त्याच्या चाचणीत प्रगत अवस्थेतल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेलं, आणि अमेरिकेत २०२२मध्ये त्या औषधाला परवानगी मिळाली.

कधीकधी हाडांची ओढच कामी लावता येते. कर्करोग हाडांत पसरला की वेदना असह्य होतात. अशा वेळी लुटेशियमला डोटाऐवजी फॉस्फोनेट गटाच्या ‘ईडीटीएमपी’ या संयुगात बांधतात. ते मुद्दाम हाडांच्या रोगट, वेगानं घडणाऱ्या भागांत जाऊन बसतं आणि वेदना कमी करायला मदत करतं. याच्या विकासात ट्रॉम्बेच्या रसायनतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. तापवण्याचीही गरज नाही, साध्या तापमानाला काम होतं.

उपचारापूर्वी गाठींवर ग्राही आहेत की नाहीत हे पाहायला रुग्णाचा पेट-स्कॅन करतात. आजच्या बऱ्याच पेट-यंत्रांत किरण टिपणारे स्फटिक असतात ते लुटेशियमच्या सिलिकेटचे. गॅमा किरण आपटला की ते क्षणभर चमकतात. त्यांच्यात लुटेशियम-१७६ असल्यामुळे ते स्वतःही जराजरा किरणोत्सारी असतात, आणि रिकाम्या यंत्रातही मंद कुरबुर नोंदली जाते. रोग हुडकणाऱ्या यंत्रात लुटेशियम, आणि रोगावरच्या औषधातही लुटेशियम.

बीटा कण सोडून झाल्यावर लुटेशियम-१७७चं काय होतं, यात इतिहासाचा एक खोडकर योग आहे. त्याचं होतं हाफ्नियम-१७७: अणुअंक ७२, स्थिर, निरुपद्रवी. उर्बां यांनी १९११मध्ये लुटेशियमच्या अवशेषांतच ७२वं मूलद्रव्य सापडल्याचा दावा करून त्याला ‘सेल्टियम’ असं नावही दिलं होतं. तरुण हेन्री मोसली यांनी १९१४मध्ये क्ष-किरणांनी तो नमुना तपासला, तर त्यात जुनंच लुटेशियम आणि इटर्बियम. खरं ७२वं मूलद्रव्य १९२३मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांना मिळालं, तेही झिरकॉन खनिजात. हेच जॉर्ज द हेवेशी त्याच वर्षी किरणोत्सारी शिसं घालून झाडं ते कसं शोषतात याचा माग काढत होते. किरणोत्सारी मागोव्याच्या या पद्धतीसाठी त्यांना पुढे रसायनाचं १९४३चं नोबेल मिळालं. आज रुग्णाच्या शरीरात लुटेशियमचा माग काढताना वापरतो ती युक्ती हेवेशींची, आणि शेवटी उरतं तेही हेवेशींचंच मूलद्रव्य.

रुग्णालयातली बाजू अधिक रोखठोक आहे. मूत्रपिंडं हे पेप्टाइड शोषून घेतात आणि त्यांना इजा होऊ शकते, म्हणून औषधाच्या जोडीला लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचं सलाइन तासन् तास चालू ठेवतात. ती दोन्ही मूत्रपिंडांतल्या शोषणाच्या वाटा अडवून धरतात. नेहमीचा क्रम असा: आठ-आठ आठवड्यांच्या अंतरानं चार डोस. गाठींना न चिकटलेलं औषध पहिल्या दोन दिवसांत बहुतांश लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीचं सांडपाणी थेट गटारात न सोडता टाक्यांत साठवतात, किरणोत्सार ओसरेपर्यंत.

इथे एक कटकट शिल्लक आहे. अणुभट्टीत लुटेशियम-१७६ला न्यूट्रॉन चिकटताना काही केंद्रकं उत्तेजित अवस्थेत अडकून पडतात. त्यांचं अर्धायुष्य १६० दिवसांचं. किरणोत्साराच्या हिशेबात त्यांचं प्रमाण दहा हजारांत एक-दोन भाग इतकंच, रुग्णाला त्यानं काही फरक पडत नाही. पण टाक्या आणि कचरा सांभाळणाऱ्यांना पडतो. म्हणून जगात दुसरा मार्ग जोर धरतो आहे. त्यात भट्टीत घालतात इटर्बियम-१७६. न्यूट्रॉन घेऊन त्याचं इटर्बियम-१७७ होतं आणि दोनेक तासांच्या अर्धायुष्यानं ते आपसूक लुटेशियम-१७७ बनतं, तेही त्या १६० दिवसांच्या शेपटाशिवाय. मात्र मग ढीगभर इटर्बियममधून चिमूटभर लुटेशियम निवडून काढावं लागतं. उर्बां, आउअर आणि जेम्स यांची वर्षं खाणारी तीच जोडी, तोच पिकोमीटरहून कमी फरक. आता ते काम शिशाच्या भिंतीआड, आयन-विनिमयाच्या रेझिनानं भरलेल्या नळ्यांमधून करतात, आणि झटपट करावं लागतं, कारण रोज दहा टक्के माल वाटेतच हाफ्नियम होत असतो. नळीच्या टोकाला शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. त्याबरोबर खाली उतरतं ते लुटेशियम क्लोराइड.